वाढदिवसाची आठवण यंत्राने दिली, तरी शुभेच्छा आपली असावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाढदिवसाच्या दिवशी आपल्या फोनवर शुभेच्छांची रीघ लागते आणि त्या पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या तारखेची आठवण फेसबुकने करून दिलेली असते, हे आता कोणापासून लपलेले नाही. त्यामुळे अशा शुभेच्छा पोकळच असतात, असे सरसकट बोलले जाते. हे मत मला अन्यायाचे वाटते.

तारखा लक्षात ठेवण्यासाठी माणसाने पूर्वीही आधार घेतलेलाच आहे. कोणी डायरीत नोंद करी, कोणी कॅलेंडरवर खूण करी, तर कोणाच्या घरी सगळ्यांच्या तारखा तोंडपाठ असलेले एखादे माणूस असे. तेव्हा त्या शुभेच्छा कोणी कमी प्रतीच्या मानल्या नाहीत. 2006 साली फेसबुक तेरा वर्षांवरील सर्वांसाठी खुले झाले आणि पुढे हे काम त्याच्याकडे गेले. खरा बदल झाला तो माणसांच्या संख्येत. माणसाला साधारण दीडशे जणांशीच स्थिर नाते सांभाळता येते, असा अंदाज मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी मांडला होता, आणि फेसबुक मात्र एका खात्यावर 5,000 मित्रांना जागा देते. शाळा सुटल्यावर पुन्हा कधीही न भेटलेला वर्गमित्र दोन शब्द लिहितो, तेव्हा त्याच्याकडून जिवलगाच्या ओलाव्याची अपेक्षा का धरावी? रस्त्याच्या पलीकडून ओळखीच्या माणसाने हात हलवावा, तेवढेच ते असते, आणि तेवढ्यानेही बरे वाटते.

माझा आक्षेप आहे तो जवळच्या मित्रांनीही तयार मजकुरावर समाधान मानण्याला. व्हॉट्सअॅपच्या गटात पहिला जण फुलांचे चित्र टाकतो आणि पाठोपाठ तेच चित्र, तीच चारोळी पुन्हा पुन्हा येत राहते. लिंक्डइनवर तर शुभेच्छेचे वाक्यही आयते मिळते, आपण केवळ बोट टेकवायचे. अशी शुभेच्छा नाव बदलून कोणालाही पाठवता येते, आणि नेमके तेच मनाला लागते. उलट एखादा मित्र लिहितो, ‘गेले वर्ष आईच्या आजारपणात तू पार थकून गेलास, हे वर्ष तुला निवांत जावो,’ तेव्हा त्याला तारीख यंत्राने सांगितली की स्वतःला आठवली, हा प्रश्नच मनात येत नाही. तारीख कोणीही सांगू शकते. गेले वर्ष कसे गेले, हे मात्र मित्रालाच माहीत असते.

या बेफिकिरीचे सर्वांत क्लेशदायक रूप मृत व्यक्तीच्या वाढदिवशी दिसते. निधनानंतर खाते स्मृतिखात्यात रूपांतरित करण्याची सोय फेसबुकने 2009 मध्येच केली आणि तसे केल्यावर वाढदिवसाच्या सूचना थांबतात. पण दुःखात बुडालेल्या घरच्यांना ते सुचेलच असे नाही. मग ज्यांना बातमी कळलेली नाही ते ‘शतायुषी व्हा’ असे लिहून मोकळे होतात, आणि ते वाक्य त्या माणसाची पत्नी किंवा मुले वाचतात. त्याच पानावरच्या श्रद्धांजलीच्या नोंदींवर क्षणभर नजर टाकली असती, तरी हे टळले असते.

काही जण चिडून आपली जन्मतारीख लपवतात आणि कोणाला आठवते ते पाहतात. सुरक्षिततेसाठी तारीख झाकणे केव्हाही शहाणपणाचे, कारण ओळख पटवण्यासाठी अनेक ठिकाणी तीच विचारली जाते. परंतु मित्रांची परीक्षा म्हणून हा मार्ग मला पटत नाही. ज्याला तारखा आठवत नाहीत असा माणूस अडचणीच्या रात्री सर्वांच्या आधी धावून येतो, हेही अनेकांनी अनुभवले असेल.

शुभेच्छा घेणाऱ्याचीही यात जबाबदारी आहे, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ अशी एकच नोंद टाकून आपण सगळ्यांना एका ओळीत बसवतो. शेकडो औपचारिक संदेशांना ते पुरेसे आहे. मात्र ज्याने आपल्यासाठी चार ओळी स्वतः लिहिल्या, त्याला त्याच आठवड्यात वेगळे उत्तर लिहावे, जमल्यास फोन करावा, आणि त्याचे वर्ष कसे गेले हेही विचारावे.

आपला विश्वासू,
एक वाचक