आधी दिवे ठरवा, मग काँट्रॅक्टर

संपादक महोदय,

परदेशात धंदा थाटणाऱ्या मराठी माणसांविषयी आपल्याकडे नेहमी छापून येतं आणि मी ते आवर्जून वाचते. एका धंद्याचं नाव मात्र त्यात येत नाही. इथे न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून गांजा परवानाधारक दुकानात उघडपणे विकला जातो. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तो घेता येतो. या दुकानांत पैसे घालण्याचा विचार आपली माणसंही करतात, पण गावाकडच्या नातेवाइकांना ते सांगत नाहीत, एवढंच.

माझं शिक्षण सांगलीत झालं, विद्युत अभियांत्रिकीचं. इथे मी दुकानांच्या प्रकाशयोजनेचं काम करते. गांजा चांगला की वाईट हा वाद मला या पत्रात घालायचा नाही. पण आयुष्यभराची पुंजी लावलेला माणूस दुकान बांधून घेतानाच अडकतो, हे पाहवत नाही. बँका या धंद्याला सहजासहजी कर्ज देत नाहीत, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो अजून बेकायदाच आहे. त्यामुळे जो पैसा जातो तो बहुतेक वेळा घरातला, भावाचा, मेव्हण्याचा असतो.

अलीकडे एक कोटेशन माझ्यासमोर आलं. फरशी, पार्टिशन, काउंटर, माल ठेवायच्या खोलीचं पोलादी दार, सगळं मापासकट लिहिलेलं. दिव्यांसाठी मात्र एकच ओळ: ‘सर्व दिवे, मालकाच्या पसंतीने’, आणि पुढे एक ढोबळ आकडा. मालकाने सही करून उचलही दिली होती. या एका ओळीने पुढे काय होतं ते मी अनेक दुकानांत पाहिलंय. फॉल्स सीलिंग बंद होतं, मग कुणाच्या तरी लक्षात येतं की काउंटरवर पॉइंटच काढलेला नाही. सीलिंग परत फोडा, वायर ओढा, बांधकाम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला परत बोलवा. काँट्रॅक्टर प्रत्येक वेळी जादा कामाचं बिल लावतो आणि त्याची बाजू खोटीही नसते; कागदावर काही नव्हतंच. तोवर जागेचं भाडं चालू असतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. काँट्रॅक्टर नेमण्याआधी दिव्यांचं ड्रॉइंग तयार हवं, कुठला दिवा कुठे, किती वॅटचा, कुठल्या स्विचवर, याची यादी मॉडेल नंबरसकट हवी, आणि ती करारालाच जोडलेली हवी. मग तिन्ही-चारी काँट्रॅक्टर एकाच कामाचा भाव देतात आणि तुलना खरी होते. ‘तत्सम दिवा चालेल’ हे वाक्य करारात असेल, तर ‘मालकाच्या लेखी परवानगीने’ हे शब्द त्याला जोडून घ्या.

या दुकानात दिव्याला एवढं महत्त्व का, तेही सांगते. गांजाची वाळलेली फुलं जवळून पाहिली तर फिकट हिरवी असतात, मधूनच जांभळट झाक, त्यात केशरी तंतू आणि वर राळेचे बारीक चमकते दाणे. गिऱ्हाईक नमुन्याच्या बरणीत हेच पाहतं. स्वस्तातली एलईडी पट्टी लावली की तेच फूल राखाडी, शिळं दिसतं. पट्टीचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, ९० च्या वर हवा, आणि लाल रंगासाठी आर-९ नावाचा वेगळा आकडा असतो तोही विचारायला हवा, कारण केशरी तंतू त्यावरच उठून दिसतात. प्रकाश ३००० ते ३५०० केल्व्हिनचा, थोडा उबदार. पण प्रखर दिवा बरणीवर रोखून ठेवायचा नाही. उजेड आणि उष्णता या दोन्हींनी मालातला मूळ गुण उतरतो, वास उडतो. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा डबा, शोकेसच्या बाहेर, पट्टीला उजेड कमी-जास्त करणारा डिमर, आणि विकायचा साठा अंधारात.

दारातली जागा सगळ्यात दुर्लक्षित. तिथे प्रत्येकाचं ओळखपत्र तपासतात. बरोबर डोक्यावर फोकस लाइट लावला की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. फोटो आणि चेहरा जुळवताना तपासणाऱ्याची पंचाईत होते. मागे काचेचं दार आणि बाहेर ऊन असेल, तर कॅमेऱ्याला चेहरा दिसतच नाही, नुसती काळी आकृती. इथे उजेड समोरून, थोड्या तिरक्या कोनातून चेहऱ्यावर यायला हवा. हलक्या प्रतीचा ड्रायव्हर असेल तर दिवा आपल्या डोळ्यांना स्थिर वाटतो, पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकतात. कॅमेरेवाला आणि वायरमन एकाच ड्रॉइंगवर काम करत नसतील तर हे उद्घाटनानंतर कळतं. आणि दुकान सुरू झालं की मालाच्या खोलीत कारागिराला असंच पाठवता येत नाही. नोंद करावी लागते, बरोबर आपला माणूस द्यावा लागतो.

वायरिंगचं काम घेणाऱ्याकडे राज्याचा इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचा परवाना आहे का, विमा चालू आहे का, हे स्वतः बघा. ओळखीवर जाऊ नका. ऑनलाइन मागवलेल्या पट्टीवर यूएल या सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेची किंवा तशा मान्य संस्थेची खूण नसेल तर इन्स्पेक्टर ती काढायला लावू शकतो. भिंती-सीलिंग बंद होण्याआधीची तपासणी पास झाल्याशिवाय त्या टप्प्याचा पैसा सोडू नका. वीज गेल्यावर बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे बॅटरीवर ९० मिनिटं टिकले पाहिजेत. ती चाचणी डोळ्यांसमोर करून घ्या आणि शेवटचे दहा टक्के तोवर हातात ठेवा. प्रत्येक हप्त्याला पोटकंत्राटदारांकडून पैसे मिळाल्याचं आणि हक्क सोडल्याचं पत्रही घ्या. मुख्य काँट्रॅक्टरने त्यांचे पैसे बुडवले तर ते दावा तुमच्यावर लावू शकतात.

आणि या सगळ्याच्याही आधीची एक गोष्ट, जी कुठलाच काँट्रॅक्टर सांगणार नाही. राज्याने परवाना दिला तरी अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की गांजाच्या धंद्यातलं काम केंद्राच्या कायद्याविरुद्ध असल्याने नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतं. ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बी व्हिसावर असलेल्या कितीतरी मराठी मुलांना हे माहीत नसतं. मित्राने विचारलं म्हणून ते भागीदार होतात. आपण एखाद्या स्थलांतर-वकिलाकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, आणि तो लवकर छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ सांगली)