प्रश्न पूर्ण विचारावा, उत्तर सर्वांसमोर द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पतसंस्था, छापखाने आणि उद्यमबागेतील कारखाने यांचे काम आता संगणकावाचून एक दिवसही चालत नाही. त्यांचे सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसे मात्र बहुधा एकेकटीच असतात. अडले तर विचारायला शेजारी जाणकार नसल्यामुळे ती व्यावसायिकांच्या ऑनलाइन गटांत प्रश्न टाकतात. या प्रश्नोत्तरांची रीत आपल्याकडे फार ढिसाळ झाली असून, तीपायी जाणकारांचा वेळ आणि नवख्यांची उमेद दोन्ही वाया जात आहेत, म्हणून हे पत्र.

प्रश्नाची सुरुवात बहुतेक वेळा 'सर, एक डाउट आहे, विचारू का?' अशी होते. कोणी 'विचारा' म्हणेपर्यंत बराच वेळ जातो आणि मग मोबाईलवर काढलेला पडद्याचा तिरका फोटो येतो. जो संदेश वाचायला हवा, नेमका त्याच्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडलेला असतो आणि खाली 'अर्जंट आहे, प्लीज' एवढेच लिहिलेले असते.

आपल्या भागातले नेहमीचे उदाहरण घेतो. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार होतो, छापखान्यातल्या संगणकावर उघडला जातो आणि गटात प्रश्न येतो, 'मराठी दिसत नाही, काय करू?' एवढ्यावर कोणालाही उत्तर देता येणार नाही. मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर तो बहुधा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. अशा फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळची रोमन अक्षरे उघडी पडतात. रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, असून त्या लिपीचा फॉन्ट तिथे नाही, असा संशय घ्यावा. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड या लिपींना प्रत्येकी १२८ जागांचे स्वतंत्र गट दिलेले आहेत आणि एकाच फॉन्टमध्ये दोन्ही लिपी असतीलच असे नाही. त्यामुळे मराठी परिच्छेद नीट आणि कन्नड परिच्छेदात चौकोन, असेही घडते. अक्षरे बरोबर पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न राहता उजवीकडे सरकलेली आणि जोडाक्षरे फुटलेली असतील, तर दोष बहुधा फॉन्टचा नसून भारतीय लिपींची जुळणी न येणाऱ्या जुन्या प्रोग्रामचा असतो. तीन बिघाड, तीन निरनिराळे उपाय, आणि विचारणाऱ्याच्या लेखी तिन्हींचे वर्णन एकच: 'दिसत नाही'.

म्हणून मजकूर कोणत्या प्रोग्राममध्ये, कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या फॉन्टने टंकला, तो कुठे उघडला, काय दिसायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसते, आतापर्यंत काय करून पाहिले, हे पहिल्याच खेपेला लिहावे. यंत्राने दाखवलेला चूक सांगणारा संदेश फोटोतून न देता जसाच्या तसा उतरवून द्यावा, कारण फोटोतला मजकूर पुढे कोणाला शोधून सापडत नाही. शंभर पानांचा अहवाल जोडण्याऐवजी बिघाड दाखवणाऱ्या दोन ओळींची वेगळी फाइल द्यावी. जेफ अॅटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ साली सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरही असा लहानात लहान, तरीही पूर्ण नमुना मागितला जातो. त्या दोन ओळी वेगळ्या काढताना पुष्कळदा बिघाडाचे कारण विचारणाऱ्याला स्वतःलाच उमगते. शिवाय खातेदारांची नावे, खाते क्रमांक, आधार क्रमांक गटभर फिरत नाहीत. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण खातेदाराने तशी परवानगी कोणालाच दिलेली नसते.

मूळ गरजही सांगावी. 'पीडीएफ वर्डमध्ये कशी आणू?' या प्रश्नामागे पुष्कळदा ताळेबंदातला एकच आकडा बदलायचा असतो, आणि मूळ फाइल हाताशी असेल तर त्या रूपांतराची गरजच नसते.

उत्तर देणाऱ्यांचीही जबाबदारी लहान नाही. काहीही न विचारता 'विंडोज फॉरमॅट मारा' असा सल्ला देणे हे उत्तर नव्हे. त्याने एखाद्या संस्थेची कागदपत्रे कायमची जाऊ शकतात. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा इंग्रजी चुकेल या भीतीने आधीच बिचकत लिहितो. त्याला 'एवढेही येत नाही?' असे चारचौघांत म्हटले की तो पुन्हा कधी तोंड उघडत नाही. लिनक्स या संगणक-प्रणालीचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीदेखील २०१८ मध्ये आपल्या उर्मट ई-मेलांबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली होती. चॅटजीपीटीकडून आलेला मजकूर करून न पाहता उत्तर म्हणून चिकटवणे हीदेखील तितकीच गैर गोष्ट आहे. दिसायला पटण्याजोगी पण वारंवार चुकीची निघणारी अशी उत्तरे स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच बंद केली.

'फोन करा, सांगतो' या सवयीने तर सर्वांचेच नुकसान होते. काम होते, विचारणारा 'झाले, थँक्यू' लिहून मोकळा होतो, पण नेमके काय केले ते गटात उरत नाही, आणि तीच अडचण निपाणीत कोणाला आली की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सल्ला फोनवर मिळाला असला, तरी कारण आणि उपाय मूळ प्रश्नाखाली चार ओळींत लिहिणे हे विचारणाऱ्याचे कर्तव्य मानले जावे.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे आणि अभियांत्रिकी शिकणारी कितीतरी मुले आपल्या आसपास आहेत. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रत्येक सत्रात एक पूर्ण लिहिलेला प्रश्न आणि त्याचे तपासून पाहिलेले उत्तर मागितले जावे व त्याला थोडे गुण ठेवावेत, अशी माझी महाविद्यालयांना विनंती आहे. मुलांनी सुरुवातीला मराठीत वा कन्नडमध्ये लिहिले तरी चालेल, फक्त यंत्राने दिलेला संदेश त्यात अक्षरशः असावा. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील ज्या संगणक विभागाला याची सुरुवात करायची असेल, त्याला पहिल्या सत्रातले असे प्रश्न विनामूल्य तपासून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक,
टिळकवाडी, बेळगाव