रोबोटिक्सचे साहित्य डेड स्टॉकमध्ये चढवू नका

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळांसाठी रोबोटिक्स साहित्याची खरेदी व नोंद

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कोडिंग सहावीपासून आणले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी हाताने जोडून शिकायच्या प्रयोगशाळा) उभारण्याची घोषणा झाली. आमच्या आठ जिल्ह्यांतही रोबोटिक्स साहित्याच्या पेट्या येतील. त्या येण्याआधी एक मागणी आहे: पेटीतले सुटे भाग डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढवू नका.

पाच व्होल्टच्या पिनला मुलाने रेझिस्टरशिवाय (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागाशिवाय) एलईडी लावला की तो जळतो. जळायलाच हवा, २२० ओहमचा रेझिस्टर कशासाठी असतो ते त्याशिवाय कळत नाही. या एलईडीची किंमत दोन-तीन रुपये. पण तो रजिस्टरवर असला की निर्लेखनाचा (नोंद कमी करण्याचा) प्रस्ताव, समिती, तपासणी आणि वसुलीची भीती मागे लागते. मग शिक्षक कपाटाला कुलूप लावतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. खडू झिजला म्हणून कोणी खुलासा मागत नाही, तोच नियम इथे हवा. अटल लॅबच्या मूळ रचनेत २० लाखांपैकी १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षे चालवायला आहेत. स्थानिक खरेदीत मात्र सगळा पैसा पेटीत जातो आणि दुसऱ्या वर्षी वायरीलाही निधी उरत नाही.

खरेदी करायची तर एकाच कंपनीचे भाग बसतील असे बंद किट नको. ४० मुलांच्या वर्गाला चौघांचा एक असे दहा संच पुरतात. एका संचात युनो जातीचा, प्रोग्राम टाकता येणारा एक बोर्ड, यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचून जोडायची पाटी), दहा एलईडी, २२० ओहमचे आणि १० किलोओहमचे दहा-दहा रेझिस्टर, दोन पुश बटणे, एक एलडीआर (प्रकाश ओळखणारा भाग), बझर, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, ठरावीक कोनात वळणारी छोटी सर्व्हो मोटर आणि जोडणीच्या ४० जंपर वायरी. वर्गासाठी वेगळे १०० एलईडी, जंपर वायरींचे पाच जुडगे, तीन जादा केबल आणि एक मल्टिमीटर. मल्टिमीटर यादीतून हमखास गळतो. जंपर वायर आतून तुटते, बाहेरून काही दिसत नाही, आणि मल्टिमीटरने तपासता आली नाही तर मुले तासभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

निविदेत आणखी काही गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतील. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डवरचा दिवा लागतो, पण संगणकाला पोर्ट दिसत नाही. स्वस्त बोर्डांवरच्या सीएच३४० या यूएसबी चिपसाठी संगणकात ड्रायव्हर सॉफ्टवेअर लागते, ते पेनड्राइव्हवर सोबत द्यावे. स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायची भाषाही इंटरनेटशिवाय चालणारी आधीच टाकून द्यावी. सर्व्हो अडली की सहाशे मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह खेचते. यूएसबीतून ५०० मिळतात, त्यामुळे बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. तिला वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा, दोन्हींचे ग्राउंड मात्र जोडलेले हवे. चाकांच्या गाडीला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी देऊ नये, मोटर लावताच तिचा व्होल्टेज कोसळतो. चार रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्यावेत. ते मिळून ४.८ व्होल्ट देतात, आणि मोटर चालवणारे एल२९८एन हे ड्रायव्हर सर्किट त्यातले सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खाते. म्हणून कमी व्होल्ट खाणारे, मॉसफेट ट्रान्झिस्टरचे ड्रायव्हर सर्किट मागवा. सुटे लिथियम सेल तर नकोतच, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ते ठेवणे धोक्याचे आहे.

रेषेवरून पळणारी गाडी पाहुण्यांना दाखवायला बरी. आमच्या शिवारात मातीच्या ओलाव्याचा सेन्सर जास्त शिकवतो. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला की विद्युत अपघटनाने काही आठवड्यांत गंजतो, म्हणून ज्याचे धातूचे भाग झाकलेले असतात तो कॅपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा. काळी माती वाळली की भेगा पडतात, सेन्सरभोवती हवा शिरते आणि आकडा खोटा येतो. माती दाबून बसवायची, कोरड्या आणि भिजलेल्या नमुन्याचे आकडे आधी वहीत लिहायचे. नमुना वजन करून, वाळवून, पुन्हा वजन केला की टक्केवारीचे गणितही त्यातच होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने मातीप्रकारानुसार असे तक्ते शाळांना द्यावेत.

अल्ट्रासोनिक सेन्सरचेही तसेच. प्रोग्राममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरतात, तो २० अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. एप्रिलमध्ये ४० अंशांना तो ३५५ च्या आसपास जातो, आणि मीटरभर अंतर साडेतीन सेंटिमीटर कमी दिसते. ही तफावत मुलांनीच शोधावी.

वेळापत्रकात जोडतास हवा. एका तासिकेत वायरी वाटून परत गोळा करण्यापलीकडे काही होत नाही. शिक्षकांना एकदिवसीय सादरीकरण पुरत नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर महिन्याला दोन तास प्रत्यक्ष जोडणी ठेवावी, आणि दुरुस्तीसाठी तालुक्याच्या आयटीआयला रीतसर जबाबदारी द्यावी.

शासन निर्णयात एवढे यावे: २०० रुपयांखालचा प्रत्येक भाग उपभोग्य साहित्य समजावा, त्याच्या तुटफुटीची वसुली नसावी, आणि खरेदीच्या किमान १५ टक्के रक्कम दरवर्षी सुट्या भागांसाठी मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. निविदा निघण्याआधी हा निर्णय व्हावा, नंतर अटी बदलणे अवघड जाते.

आपले,
मराठवाड्यातील विज्ञान शिक्षक व इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षक