हटमधल्या वहीत लिहिलेले नाव

हॅमिल्टन, न्यूझीलंड
18 जानेवारी

ती. आई आणि अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी सुखरूप आहे, हे सगळ्यांत आधी लिहितो. ज्वालामुखीच्या डोंगरावरचा माझा तो फोटो पाहिल्यापासून आईचे जेवणाखाण्यात लक्ष नाही, असे धाकटीने फोनवर सांगितले. त्या फोटोत माझ्या मागे दिसतो तो धूर नाही, वाफ आहे. जमिनीखालच्या उष्णतेने तापलेले पाणी खडकांच्या फटींतून वर येते आणि बाहेरच्या थंड हवेत पांढरे दिसते, एवढेच. तिथे उभा होतो तेव्हा माझ्या अंगावर स्वेटर आणि त्यावर जाड जाकीट होते, यावरूनच आगीजवळ गेलो नव्हतो हे आईला पटावे.

जाण्याआधी का कळवले नाहीस, हा अण्णांचा प्रश्न मात्र रास्त आहे. आधी सांगितले असते तर मी डोंगरावरून उतरेपर्यंत तुम्हां दोघांच्या जिवाला घोर लागला असता, म्हणून परत आल्यावर सविस्तर लिहावे असे ठरवले होते. माझ्या पत्राआधी फोटो तुमच्यापर्यंत पोहोचला, हे चुकलेच. पण मी वेडे धाडस केले असे मात्र कृपा करून समजू नका.

गेलो होतो ते टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात. उद्यान म्हटले तरी बागबगीचा डोळ्यांपुढे आणू नका. तो सारा उघडा, वाऱ्याचा डोंगराळ मुलूख आहे. रुआपेहू, न्गाउरुहोए आणि टोंगारिरो असे तीन ज्वालामुखी तिथे शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांतला रुआपेहू 2797 मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून अधिक. न्गाउरुहोएचा शेवटचा उद्रेक 1975 साली झाला, रुआपेहूचा मोठा उद्रेक 1995 आणि 1996 साली झाला, आणि टोंगारिरोच्या ते मारी नावाच्या मुखातून 2012 च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास दगड उडाले. त्यांतला एक दगड डोंगरातल्या एका मुक्कामाच्या घराचे छप्पर फोडून आत पडला होता. त्यात कोणाला इजा झाली नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही, कारण मामा ते कुठेतरी वाचून सांगणारच. पण त्यानंतर काय झाले तेही वाचावे. या डोंगरांवर भूकंपमापक आणि इतर यंत्रे बारा महिने कान लावून असतात आणि प्रत्येक ज्वालामुखीला 0 ते 5 असा धोक्याचा स्तर दिलेला असतो. आम्ही निघालो त्या दिवशी टोंगारिरोचा स्तर 0 होता. बरोबर कामावरचे दोघे अनुभवी सोबती होते, हवामानाचा अंदाज दोनदा पाहिला होता, आणि मोबाइल लागत नाही तिथूनही उपग्रहामार्फत मदत मागता येते असे एक छोटे यंत्र भाड्याने घेतले होते. ते वापरायची वेळ आली नाही.

वाट मांगातेपोपोच्या खोऱ्यातून सुरू होते. आधी सपाटी, मग दगडी पायऱ्यांची दमवणारी चढण, मग अंगणासारखे सपाट पसरलेले एक मोठे कुंड, आणि तिथून वर रेड क्रेटर नावाचे तांबडे विवर. त्याच्या काठावरून उतरताना खालची माती पायाखालून सरकते. पुढे हिरव्या पाण्याची तीन तळी दिसतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही. आजूबाजूच्या गरम जमिनीतून झिरपणाऱ्या खनिजांनी पाण्याला तो रंग येतो. स्थानिक माओरी लोकांना ही तळी आणि ही शिखरे पवित्र आहेत, म्हणून पाण्याला हात लावू नये आणि शिखरांवर पाय ठेवू नये अशी त्यांची विनंती आहे. आम्ही पाण्याला हात लावला नाही आणि शिखरावरही गेलो नाही. काठावर उभे राहूनच मी नमस्कार केला. आई, तू तिथे असतीस तर तूही हेच केले असतेस.

हे उद्यान या देशातले पहिले. 1887 साली न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तूकिनो चौथे यांनी ही शिखरे ब्रिटिश सरकारच्या हाती सोपवली, कारण नाहीतर जमिनीच्या वाटण्या होऊन त्यांचे तुकडे विकले जातील अशी त्यांना भीती होती. अण्णा, आपल्या घरी वाटण्यांवरून काय काय झाले हे मला ठाऊक असल्यामुळे ती हकिगत वाचून मी बराच वेळ तिथल्या फलकापुढे उभा राहिलो.

टोंगारिरो या नावाची कथाही तुम्हांला सांगायचीच आहे. समुद्रापलीकडून होडीने आलेला न्गातोरोइरांगी नावाचा एक पुरोहित या डोंगरावर चढला आणि दक्षिणेच्या बर्फाळ वाऱ्यात गारठून मरायला टेकला. तेव्हा त्याने दूर हवाइकीत, आपल्या मूळ देशात राहिलेल्या कुइवाइ आणि हाउन्गारोआ या दोन बहिणींना हाक मारली, की माझ्यासाठी अग्नी पाठवा. बहिणींनी ती ऐकली आणि त्यांनी पाठवलेला अग्नी समुद्राखालून, जमिनीखालून येऊन या शिखरातून बाहेर पडला. तोंगा म्हणजे दक्षिणेचा वारा आणि रिरो म्हणजे ओढून नेलेला. परदेशात थंडीने काकडणाऱ्या भावाला घरच्या दोन बहिणींनी ऊब पाठवली, ही गोष्ट रात्री दहाला अंथरुणात पडून आठवली तेव्हा ताई आणि धाकटी दोघींची फार आठवण आली. ताईने पाठवलेली गोधडी हॅमिल्टनच्या खोलीत रोज अंगावर असते, हे तिला सांगा.

आता इथली एक पद्धत सांगतो. ती समजली की तुमची निम्मी काळजी कमी होईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. इथे कोणीही डोंगरात जाताना, मग तो एक दिवसासाठी असो की आठ दिवसांसाठी, आपला सगळा बेत एका विश्वासाच्या माणसाकडे लिहून ठेवतो: कोणत्या वाटेने जाणार, बरोबर कोण, कोणत्या रात्री कुठे मुक्काम, आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर पोलिसांना कळवावे. त्या वेळेआधी कोणी घाबरायचे नाही, आणि त्या वेळेनंतर कोणी वाट पाहत बसायचे नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय डोंगरात जे मुक्कामाचे घर असते, त्याला इथे हट म्हणतात, तिथे दाराजवळ एक वही ठेवलेली असते. आत पाऊल टाकले की बूट बाहेर काढायचे आणि आधी त्या वहीत लिहायचे: नाव, माणसे किती, आलो कुठून, उद्या जाणार कुठे. मुक्काम न करता नुसते पाणी प्यायला थांबलेले लोकही लिहून जातात. माणूस हरवला तर शोधायला निघालेले लोक एकेका हटमधली वही वाचत जातात, आणि ज्या वहीत त्याचे नाव शेवटचे सापडते तिथून पुढे शोध घेतात. पहिल्यांदा मला हे सगळे चमत्कारिक वाटले. आपल्याकडे माणूस गडावर जातो तेव्हा पायथ्याच्या चहावाल्याला सांगून जातो, आणि तेवढे पुरते, कारण तो चहावाला संध्याकाळी वाट पाहतो. इथे वाटेवर कोणाचे घरच नाही, म्हणून चहावाल्याचे काम वही करते.

आम्ही वाइहोहोनूच्या हटमध्ये राहिलो. त्याच्या जवळच 1904 साली बांधलेले लाल पत्र्याचे जुने घर अजून उभे आहे. संध्याकाळी रेंजरबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवून, उद्रेक झालाच तर काय करायचे ते शांतपणे समजावले: उडणाऱ्या दगडांकडे लक्ष ठेवून मोठ्या खडकाच्या आड व्हायचे, खोऱ्यात न थांबता उंचवट्यावरून दूर जायचे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, ती सगळ्यांना दिली. मग वहीत आम्ही नावे लिहिली.

मी नाव लिहिले, आणि तेव्हाच एक गोष्ट मनाला लागली. निघताना माझा बेत मी घरमालकीणबाईंकडे दिला होता. दुसऱ्या दिवशी डेझर्ट रोडवर उतरून मोबाइल लागताच त्यांचाच निरोप आला, पोहोचलात का म्हणून. जी बाई मला आठ महिने ओळखते तिला मी कोणत्या वाटेने, किती वाजता उतरणार हे ठाऊक होते, आणि ज्या आईला मी जन्मल्याची घटका-पळे पाठ आहेत तिला मी कोणत्या डोंगरावर आहे हेही ठाऊक नव्हते. तिथून तुम्हांला इथल्या पोलिसांना कळवणे जमले नसते, हे कारण खरे आहे. पण ते पुरेसे नव्हते, हेही मला कळते. पुढच्या वेळी बेताची एक प्रत पुण्याला ताईकडे जाईल, आणि ती तुम्हांला वाचून दाखवील.

अण्णांसाठी एक खास गोष्ट. लहानपणी नाणेघाटात तुम्ही मला काळ्या कातळाच्या थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा दाखवला होता आणि म्हणाला होतात, हा सगळा डोंगर एके काळी वितळलेला होता. मला ते कधी पुरते पटले नव्हते. इथे ओटुरेरेच्या खोऱ्यात लाव्हा जसा वाहिला तसाच थिजलेला, टोकदार, अजून माती न धरलेला पाहिला, तेव्हा कळले की आपल्या घराच्या जोत्याचा दगडही असाच कुठूनतरी वाहत आला होता, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्या खोऱ्यात जांभळ्या फुलांचे हीथर नावाचे झुडूप नुकतेच फुलू लागले होते. दिसते सुंदर, पण युरोपातून आणून लावलेले ते आता आपल्या घाणेरीसारखे सगळीकडे पसरून इथल्या मूळच्या गवताला जागा देत नाही.

आता घरचे. या सहलीवर फार खर्च झाला नाही. धाकटीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना मी हात लावलेला नाही. 1 लाख 80 हजार रुपये अण्णांच्या खात्यावर गेल्या सोमवारी पाठवले आहेत, उरलेले मार्चच्या पगारानंतर पाठवतो. विहिरीजवळच्या तुकड्यावर सोसायटीचे कर्ज काढू नका, ही हात जोडून विनंती. हॉलवाला आगाऊ रक्कम जास्त मागत असेल तर मला सांगा, मी सोय करतो. नारायणगावच्या स्थळाबद्दल आईने विचारले आहे; माझे इथले बस्तान दिवाळीपर्यंत बसू द्या, मग मी नाही म्हणणार नाही.

आणि जे लिहायचे मी या पत्रात शेवटपर्यंत लांबवले ते हे, की मे महिन्यात मला येता येणार नाही. व्हिसाचे नूतनीकरण नेमके त्याच महिन्यात आहे आणि रजा मिळालेली नाही. धाकटीला मी अजून सांगितलेले नाही; आई, तूच सांग, तुझ्याकडून तिला कमी लागेल. कानपिळीला मामेभावाला उभे करा, आणि त्याला सांगा की जावईबापूंचा कान माझ्या वतीने जरा जोरातच पिळ. तिची पैठणी माझ्याकडूनच घ्यायची आहे, रंग तिने निवडावा, किंमत पाहू नये.

मे महिन्यात इथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा ठरला तर इथे संध्याकाळचे 7 वाजून 5 मिनिटे झालेले असतील. तोवर मी कामावरून येऊन, आंघोळ करून, नवा झब्बा घालून बसलेला असेन. मंगलाष्टके सुरू होण्याआधी ताईला व्हिडिओ कॉल लावून ठेवायला सांगा.

आपला,
बाळू