घराचे वय वाशांना विचारा

महोदय,

जुन्या घराचे साल सांगताना आपल्याकडे जागेच्या खरेदीचे किंवा घराण्यात ऐकलेले साल बेधडक दिले जाते. त्यात केवढी चूक होऊ शकते, हे अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या 'ड्रेटन हॉल' या मळेवाल्यांच्या घराने दाखवून दिले आहे. चार्ल्सटनजवळ अ‍ॅशली नदीकाठची ही जमीन जॉन ड्रेटन यांनी १७३८ मध्ये घेतली आणि घराचे सालही वर्षानुवर्षे तेच छापले गेले. पुढे माळ्यावरच्या लाकडांतली, झाडात दरवर्षी एक अशी वाढणारी वलये तपासली, तेव्हा ती झाडे १७४७-४८ च्या हिवाळ्यात तोडलेली निघाली.

पोकळ गिरमिटाने लाकडातून पेन्सिलीएवढा नमुना काढायचा आणि वलयांचा जाड-बारीक क्रम त्याच प्रदेशातल्या, वर्षे ठाऊक असलेल्या क्रमाशी जुळवायचा, अशी ही पद्धत. मात्र सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत हवे. नाहीतर झाड 'अमुक सालानंतर' तोडले, एवढेच कळते. आपल्या वाड्यांत अडते ते इथेच. सागाचे बाहेरचे पांढरट लाकूड किडते म्हणून सुतार ते आधीच तासून टाकतो. त्यामुळे नमुना घडीव खांबातून न घेता छपराच्या ओबडधोबड वाशातून, सालीची कड दिसते तिथून घ्यावा. सागाची वलये स्पष्ट असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत त्यांवर काम झाले आहे.

ड्रेटन हॉलमध्ये हे पुरावे टिकले, कारण घरात फारशी ढवळाढवळच झाली नाही. सात पिढ्या घर कुटुंबाकडे होते, पण आत ना नळ आले ना वीज. १९७४ मध्ये ते विकले गेल्यावरही 'नव्यासारखे' न करता जसे मिळाले तसे जपायचे ठरले. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजल्याच्या खुणासुद्धा अजून आहेत. आणि आवारात गुलाम आफ्रिकनांचे कब्रस्तान आहे. ज्यांच्या राबण्यावर हे घर उभे राहिले, त्यांची नोंद मालकांच्या वंशावळीत सापडणार नाही. ती या जमिनीतच आहे. अनेक थडग्यांवर दगडही नाही, म्हणून अशी जागा सपाट करण्याआधी मोजणी झालीच पाहिजे.

आपल्याकडे दुरुस्ती सुरू होते तीच गिलावा खरवडून. मग चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढते, आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार साचून मऊ विटांचा भुगा होतो. गिलावा चुन्याचाच करावा, आणि प्रत्येक खोलीत हातभर जुना तुकडा रंगाच्या सगळ्या थरांसकट तसाच सोडावा. काढलेला वासा जळणात जाण्याआधी त्याची सालीकडची चकती कापून, कुठल्या खोलीचा ते लिहून ठेवावी.

– एक वाचक, पुणे