प्रयोगशाळेला हवी स्वतःची रजिस्ट्री

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत डॉकरचे (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे साहित्य ‘इमेज’ नावाच्या एका गठ्ठ्यात बांधून कुठेही चालवण्याच्या साधनाचे) प्रात्यक्षिक सुरू झाले की थोड्याच वेळात ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’ हा संदेश येऊ लागतो आणि खापर इंटरनेटवर फुटते. तयार इमेज पुरवणाऱ्या डॉकर हब या इंटरनेटवरील साठ्याने नोव्हेंबर २०२० पासून लॉगिनशिवाय इमेज उतरवण्यावर दर आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० ची मर्यादा घातली आहे. सगळी प्रयोगशाळा बाहेर एकाच आयपीने दिसते. ६० मुलांनी दोन-दोन इमेज ओढल्या की झाल्याच १२०!

उपाय फुकटचा आहे. रजिस्ट्री म्हणजे इमेज साठवून वाटणारा सर्व्हर. एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून ‘रजिस्ट्री’ याच नावाची अधिकृत इमेज चालवावी. मात्र दोन चालवाव्यात: एक हबची प्रॉक्सी म्हणून (हबवरून आलेल्या इमेजची प्रत जवळ ठेवून तीच सगळ्यांना देणारी), दुसरी मुलांच्या इमेजसाठी. प्रॉक्सी केलेल्या रजिस्ट्रीत पुश होत नाही, म्हणजे स्वतःची इमेज चढवता येत नाही. प्रत्येक पीसीच्या ‘डेमन डॉट जेसन’ या डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रजिस्ट्री-मिरर्स’पुढे प्रॉक्सीचा पत्ता लिहून डॉकर रीस्टार्ट केला की तीच इमेज पुन्हा बाहेरून येत नाही.

रजिस्ट्रीला पासवर्ड लावायचा तर टीएलएस (जोडणीचे कूटलेखन) हवेच, आणि फाइलमधले पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीनेच सांकेतिक केलेले हवेत. ही फाइल बनवणारी ‘एचटीपासवर्ड’ आज्ञा आपणहून एमडी५ ही दुसरी पद्धत वापरते आणि मग लॉगिन होत नाही. रजिस्ट्रीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर चढवायच्या मजकुरावर त्याची मूळ मर्यादा १ एमबी असते. इमेज लेअर नावाच्या थरांची बनलेली असते; मोठा लेअर ४१३ ही ‘आकार फार मोठा’ अशी चूक देऊन परत येतो. ती मर्यादा शून्य करावी, म्हणजे ती उठते.

खरी मेहनत पुढेच आहे. रजिस्ट्रीतून इमेज काढून टाकली तरी डिस्क रिकामी होत नाही, कारण जातो तो फक्त मॅनिफेस्ट (इमेजमधल्या लेअरची यादी), लेअर तिथेच राहतात. मुळात काढून टाकण्याची परवानगीही बंद असते. ती सेटिंगमधून चालू करावी लागते. त्यानंतर बिनवापराचे लेअर पुसणारी ‘गार्बेज-कलेक्ट’ ही आज्ञा चालवायची, आधी ‘ड्राय-रन’ने (काहीही न पुसता) काय काय जाणार ते पाहून. मुले रोज ‘लेटेस्ट’ या एकाच टॅगवर (इमेजच्या आवृत्तीच्या नावावर) पुश करतात, त्यामुळे टॅग सुटलेले जुने मॅनिफेस्ट साचत जातात, ते याच आज्ञेला ‘डिलीट-अनटॅग्ड’ हा पर्याय दिल्याशिवाय हलत नाहीत. अनेक आर्किटेक्चरच्या (वेगवेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीच्या) इमेज असतील तर मात्र हा पर्याय जपून वापरावा. ही सफाई चालू असताना रजिस्ट्री रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) ठेवावी, नाहीतर अर्धवट चढलेला लेअरच कचरा समजून पुसला जातो.

काम झाल्यावर रजिस्ट्री रीस्टार्ट करायला विसरू नये. मेमरीतल्या कॅशला (तात्पुरत्या नोंदींना) पुसलेला लेअर अजून ‘आहे’ असेच वाटते. पुढच्या पुशला ‘लेअर ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असे उत्तर मिळते, लेअर चढतच नाही आणि ती इमेज कुणालाच ओढता येत नाही. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांनी सत्र सुरू होण्याआधी ही तयारी करून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक प्रणाली व्यवस्थापक, पुणे