आई-बाबा, कादंबरी पाठवतेय

प्रिय आई आणि ती. बाबा,

दोन दिवसांत कुरिअरनं एक जाड पाकीट येईल, त्यात माझी कादंबरी आहे. बाबांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी ठेवलीयेत त्यामुळे एवढं बाड झालंय. फोनवर सांगितलं असतं तर आईनं लगेच विचारलं असतं की मारेकरणीचीच गोष्ट का सुचली गं, तिकडे सगळं बरं आहे ना. सगळं बरं आहे आई, खरंच.

बाबा, हे तुमच्यामुळेच सुरू झालं. मी चौथीत होते, तुम्ही ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेलं होतं. मानमंदिर महालाच्या भिंतीवरची ती बदकं बघत मी उभीच राहिले, मग तुम्ही खाली तळघरात घेऊन गेलात आणि सांगितलंत की मोगलांनी इथे कैदखाना केला, औरंगजेबानं सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यावर ठेवलं आणि १६६१ मध्ये मारलं. पण मला चिकटून राहिला तो पुतण्या, सुलेमान शुकोह. बर्निए नावाच्या फ्रेंच माणसानं लिहून ठेवलंय की त्यानं भर दरबारात विनवलं, मला पोस्त पाजणार असाल तर त्यापेक्षा आत्ताच मारा, आणि औरंगजेबानं शब्दही दिला होता. १६६२ मध्ये तो ग्वाल्हेरलाच मेला, लोक म्हणायचे की पोस्तानंच. पोस्त म्हणजे खसखशीची बोंडं रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी तो पेला आधी प्यायचा, तोवर जेवण नाही, माणूस हळूहळू वाळत जातो, भान जातं.

त्या दिवशी टेंपोतून खाली शहरात, लष्कर भागात येताना मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा, रोज सकाळी तो पेला घेऊन कोण जायचं? तुम्ही म्हणालात, त्याचं नाव कोण लिहून ठेवणार.

माझी काळिंदी तीच आहे. राज्य काल्पनिक आहे, पण नऊ वर्षांची असताना तिच्या हातात पेला देतात आणि आत काय आहे ते सांगत नाहीत. पुढे ती मोठी होते, राजाची मारेकरीण होते, आणि जितकी माणसं मारली तितक्या सावल्या दिव्याच्या उजेडात तिच्यामागे पडतात, म्हणून ती अंधारातच राहते. कुणाच्या हातचं खात नाही, पदराच्या गाठीत फुटाणे. मग मुदपाकखान्यातला एक आचारी तिला भेटतो. तो त्या सावल्या बघतो, काही विचारत नाही, ती आली की दिव्याची वात तेवढी खाली करतो आणि ताट झाकून ठेवून निघून जातो. ती ताटाला हात लावत नाही. दीडशे पानं एवढंच! याला आमच्याकडे स्लो बर्न म्हणतात, आई, तुला सांगायचं तर मंद शेगडीवर बासुंदी आटवतात ना तसं, घाई केली की लागलीच खाली.

शेवटी ती जेवते तो प्रसंग मला वर्षभर जमत नव्हता, चार वेळा लिहून फाडला. मग बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यानं आधीच धड दिसत नाही, आणि आई तू ताट वाढून नुसतं सांगत होतीस, वरण-भात पुढ्यात, भाजी उजवीकडे, लोणचं घेऊ नका आज. बाबा, तुम्ही न चाचपडता हात नेलात आणि घास उचललात, डोळे मिटूनच. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. रात्री बसून एका बैठकीत ते प्रकरण लिहिलं, त्यातला एक शब्दही नंतर बदलला नाही.

पहिली ६० पानं फार काळी आहेत, आई, तिथे थांबू नकोस. बाबांच्या डोळ्यांना ताण नको, तूच वाचून दाखव त्यांना रोज थोडं थोडं, दुपारच्या चहानंतर. ३१वं प्रकरण मात्र मी येईपर्यंत ठेवा, दिवाळीची तिकिटं काढलीयेत. ते वाचताना मला तिथे असायचंय.

तुमची,
छकुली